महरमधले एक अक्षर

सोलापुरातल्या एका उर्दू माध्यमाच्या हायस्कुलात आम्ही उर्दू शिकवतो. 'आम्ही' म्हणजे ही एकच टीचर. पण लहानपणापासून 'हम' म्हणत आल्यामुळे मराठी लिहायला बसलो तरी 'मी' पेनातून उतरत नाही. वाचकांनी हा गर्व समजू नये, ही विनंती.

दर शनिवारी पहिल्या तासाला आठवीच्या वर्गात इमला असतो. इमला म्हणजे शुद्धलेखन. आम्ही शब्द सांगतो, मुले लिहून घेतात. उर्दूत कानाला सारखे आणि कागदावर वेगळे असे शब्द पुष्कळ. 'अलम' अलिफने लिहिला तर दुःख, ऐनने लिहिला तर झेंडा. 'सदा' सीनने लिहिला तर नेहमी, सुआदने लिहिला तर हाक. मुले कुरकुर करतात, "टीचर, बोलताना तर दोन्ही सारखेच!" आम्ही म्हणतो, बोलताना सारखे, म्हणून तर लिहिताना जपायचे. चुकले की अर्धा गुण कापतो.

अशीच एक जोडी आमच्या पाठ्यपुस्तकात नाही. ती आम्हाला घरात शिकायला मिळाली आणि तिथे अर्ध्या गुणावर भागले नाही. तो शब्द आहे 'मुअज्जल'. निकाहनाम्यात महरच्या रकमेपुढे तो लिहिलेला असतो. ऐनने लिहिला तर तो 'उजलत'च्या घरातला, म्हणजे लगेच द्यायचे महर. हमजाने लिहिला तर तो 'अजल'च्या घरातला, म्हणजे मुदतीने, पुढे कधीतरी द्यायचे महर. अरबांच्या तोंडी हे दोन शब्द वेगळे ऐकू येतात. आपल्या तोंडी एकच होतात. आणि 'अजल' म्हटले की उर्दू बोलणाऱ्याला मुदत नंतर आठवते, आधी मौत आठवते.

आमच्या आपाचा निकाह २००३ साली झाला. आम्ही तेव्हा आठवीत होतो. तयारी वर्षभर आधीपासून चालू होती. अम्मीची एक शंभरपानी वही होती. तिच्यात सगळे टिपलेले असायचे. तांब्याचा हंडा, स्टीलची एकवीस भांडी, गोदरेजसारखे दिसणारे लोखंडी कपाट, ड्रेसिंग टेबल, सासूचे कपडे, नणंदांचे कपडे, दुल्ह्याची अंगठी, घड्याळ, चारशे माणसांची बिर्याणी, शादीखान्याचे भाडे, मांडवाची झालर. अब्बा यंत्रमागावर चादरी विणायचे. आठवड्याचा हप्ता हातात आला की अम्मी वही उघडायची आणि एका ओळीवर काट मारायची. वही भरत आली तेव्हा अब्बांवर सोसायटीचे कर्ज झाले होते.

त्या वहीत एक पान निकाहनाम्याचे नव्हते. आपा तिथे जाऊन काय करील, तिचा दुल्हा रागावला की काय करतो, त्याच्यावर कर्ज आहे का, आपाने शिवणकाम चालू ठेवायचे की बंद करायचे, या कशाचीही ओळ नव्हती. "लडका दीनदार है" एवढे एक वाक्य मधल्या माणसाने सांगितले होते. दाढी होती, जुम्याला पहिल्या सफेत दिसायचा. त्यावर आम्हा सर्वांचे समाधान झाले.

निकाहच्या दिवशी रजिस्टर लिहिणाऱ्याने विचारले, महर किती? अकरा हजार. कसे? चाचा म्हणाले, "मुअज्जल." त्यांना म्हणायचे होते उधार. लिहिणाऱ्याने लिहिले ऐनने. म्हणजे रोख. अदा झाल्याचा रकाना मोकळा राहिला. मग दुआ झाली, खारका वाटल्या, लोक जेवायला उठले. सगळ्या मांडवात तो कागद कुणी वाचला नाही. आम्ही वाचू शकत होतो, पण आठवीतल्या मुलीच्या हातात निकाहनामा कोण देतो?

आपा २००९ मध्ये परत आली. कडेवर चार वर्षांची मुलगी आणि एक पत्र्याची पेटी. तीन शब्द एका दमात बोलून तिला रस्त्यावर आणले होते. आज ते तसे चालत नाही. २२ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एका दमातल्या तीन तलाकला चाप लावला आणि २०१९ च्या कायद्याने तो गुन्हा ठरवला. त्या दिवसांत मात्र मोहल्ल्यात सर्वांनी मान खाली घालून तलाक झाला असेच धरले. २००२ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने, नुसते 'दिला' म्हटल्याने तलाक सिद्ध होत नाही, असे सांगून ठेवले होते. ते आमच्या गल्लीपर्यंत पोहोचले नव्हते.

मामू महर मागायला गेले. तिकडच्यांनी निकाहनाम्याची नक्कल पुढे केली आणि त्या शब्दावर बोट ठेवले. "हा बघा ऐन. मुअज्जल म्हणजे रोख. रोख म्हणजे निकाहच्या मजलिसीतच दिले. आता काय मागता?" मामू घरी आले आणि कागद आमच्यापुढे टाकला. तेव्हा आम्ही वीस वर्षांचे होतो, कॉलेजात उर्दू साहित्य शिकत होतो. वाचले. ऐनच होता. स्वच्छ, सुंदर, वळणदार ऐन.

कोर्टात गेलो असतो तर कदाचित त्यांना विचारता आले असते की दिल्याचा पुरावा काय. अब्बांची हिंमत झाली नाही. ते अकरा हजार आजवर आलेले नाहीत. आपाने पुन्हा शिलाई मशीन काढले.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. तेव्हा आम्हाला राग आला तो फक्त त्या माणसाचा. आपल्या घरचा नाही. तो पुढे तीन वर्षांनी आला.

२०१२ साली आम्ही बी.एड. करीत होतो. तेव्हा बी.एड. एक वर्षाचे होते. सराव पाठ चालू होते. रोज रात्री पाठ टाचण लिहायचे, उद्दिष्टे, पूर्वज्ञान, शैक्षणिक साधने, मूल्यमापन. एका पस्तीस मिनिटांच्या तासासाठी चार पाने. अशाच एका रात्री अब्बांच्या छातीत कळ आली आणि फजरच्या आधी ते गेले.

गुस्ल झाले, कफन झाले. जनाजा उचलायच्या आधी चार बायका अम्मीला धरून आत घेऊन आल्या. अम्मीला चेहरा दाखवला आणि एक म्हातारी म्हणाली, "महर बख्श दे बेटी. उनका बोझ हलका कर." अम्मी रडत होती. तिने मान हलवली. बायका म्हणाल्या, "मुँह से बोल." अम्मी म्हणाली, "माफ करी." मग जनाजा उचलला.

चाळीस दिवसांनी पेटीतून अम्मीचा निकाहनामा निघाला. साल १९८०. महर पाचशे पंचवीस रुपये. या वेळी हमजा होता, म्हणजे उधार. अम्मीने काय माफ केले ते तिला माहीतच नव्हते. रकम किती ते तिने त्या दिवशी पहिल्यांदा ऐकले. हसली आणि म्हणाली, "इत्तेच थे?"

आम्ही हिशेब केला, शिक्षकाची खोड. १९८० मध्ये त्या पैशांत तीन-चार ग्रॅम सोने आले असते. २०१२ मध्ये त्याच पैशांत पाव ग्रॅमही येत नव्हते. आमचे अब्बा पाच वक्ताचे नमाजी. किराणावाल्याची उधारी त्यांनी कधी महिन्यापुढे जाऊ दिली नाही. दुकानदार विसरला तर स्वतः आठवण करून देऊन पैसे देत. अम्मीचे महर त्यांच्या शेवटच्या वर्षांतल्या अर्ध्या हप्त्यात फिटले असते. बत्तीस वर्षे त्यांनी ते दिले नाही, कारण ते देणे आहे असे त्यांना कुणी शिकवलेच नव्हते. मौलवीसाहेबांच्या वाजमध्ये सूद येत होता, नमाज येत होती, पडदा येत होता. बायकोचे कर्ज येत नव्हते. शरियतीत मात्र ते कर्जच आहे. माणूस गेला तर वारसांची वाटणी होण्याआधी जी कर्जे फेडायची, त्यांत बायकोचे महरही येते.

अब्बांवर आमचे फार प्रेम होते. म्हणूनच ही गोष्ट लिहायला हात जड होतो. पण त्या दिवसापासून 'लडका दीनदार है' हे वाक्य ऐकले की आम्हाला पुढचा प्रश्न विचारावासा वाटतो.

नोकरी लागली. शिक्षणसेवक म्हणून तीन वर्षे तुटपुंज्या मानधनावर काढली, मग कायम झालो. आता आमच्यासाठी रिश्ते येऊ लागले. आलेले लोक चहा प्यायचे आणि पगार विचारायचे. नोकरी चालू ठेवायला हरकत नाही, म्हणायचे. मग हळूच, पगार कुणाच्या खात्यात जमा होतो, हेही विचारायचे. एकाने तर पगाराची स्लिप बघायला मागितली. उलट आम्ही काही विचारले की अम्मी डोळ्यांनी दटावायची. वय सत्तावीस झाले, अठ्ठावीस झाले. घरात परत आलेली बहीण, वयात येऊ घातलेली भाची, बाप नाही. लोक म्हणू लागले, मास्तरीणबाई फार परीक्षा घेतात.

२०१८ च्या सुरुवातीला बार्शीचा एक रिश्ता आला. आयटीआय झालेले, सोलापुरात मोटार रिवाइंडिंगचे छोटे दुकान. शिक्षण आमच्यापेक्षा कमी. अम्मी जरा खट्टू झाली. आम्ही म्हणालो, बोलू द्या. निकाहआधी मुलामुलीने एकमेकांना पाहावे, असे खुद्द हजरत पैगंबरांनी (स.) आपल्या साथीदाराला सांगितल्याची हदीस आहे. आपण मात्र फोटोवर भागवतो आणि त्यालाच शराफत म्हणतो. मामू दिवाणखान्यात पेपर वाचत बसले, दार उघडे, आणि आम्ही दोघे समोरासमोर. असे तीनदा भेटलो.

त्या भेटींसाठी आम्ही एक वही केली होती. अम्मीच्या वहीसारखीच शंभरपानी. तिच्यात भांडी नव्हती, प्रश्न होते. तुमच्यावर कर्ज किती? राग आला की काय करता? माझ्या पगारातून अम्मी आणि आपाला मी दरमहा काही देते, ते पुढेही देईन, चालेल का? तुमच्या वालिदैनची सेवा कोण करील, मी एकटी की आपण दोघे? नमाज पढता, ठीक. गिऱ्हाइकाची मोटार वेळेवर देता का? महर किती आणि कधी?

त्यांनी पहिल्या प्रश्नाला उत्तर दिले, "एक लाख ऐंशी हजार. बहिणीच्या लग्नाचे." आकडा लपवता आला असता. लपवला नाही. आमच्या मनात त्यांच्याबद्दल पहिला चांगला गुण तिथे पडला. रागाबद्दल म्हणाले, "गप्प होतो. दोन-दोन दिवस बोलत नाही. ही वाईट सवय आहे." मोटारीच्या प्रश्नाला हसले आणि म्हणाले, "दहात सात वेळा."

मग त्यांनी विचारले, "मी एक विचारू? तुम्ही शाळेत ज्या आवाजात बोलता, त्याच आवाजात घरी बोलणार का?" आमच्याकडे उत्तर नव्हते. संपूर्ण वहीत आम्ही स्वतःला विचारायचा एकही प्रश्न लिहिला नव्हता. ती वही पुढच्याची परीक्षा घेण्यासाठीच केली होती. त्या रात्री मागच्या पानापासून दुसरी यादी सुरू केली. पहिली ओळ होती, आवाज.

कुरआनात नवरा-बायकोच्या नात्याबद्दल पुष्कळ आहे. आपल्याकडे लग्नपत्रिकेवर सूरह रूमची एकविसावी आयत छापतात. त्यात सुकून, मवद्दत आणि रहमत हे तीन शब्द येतात. पत्रिकेवर ते सोनेरी शाईत छान दिसतात. सूरह निसाची एकविसावी आयत मात्र कुणी छापत नाही. तिथे निकाहला 'मीसाक-ए-गलीज' म्हटले आहे, म्हणजे पक्का, जड करार. हाच शब्द कुरआनात अल्लाहने पैगंबरांकडून घेतलेल्या वचनासाठी आला आहे. इतका जड शब्द. आणि त्या कराराचा कागद आपण न वाचता सही करतो. गॅसचे कनेक्शन घेताना याहून जास्त वाचतो.

त्याच सूरह निसाच्या चौथ्या आयतीत बायकांना त्यांचे महर खुशीने द्या, असा हुकूम आहे. हजरत अलींकडे (रजि.) बीबी फातिमांना (रजि.) द्यायला काही नव्हते, तेव्हा पैगंबरांनी (स.) त्यांना त्यांच्या चिलखताची आठवण करून दिली. म्हणजे जे जवळ आहे ते, पण द्यायचे. उधार महर नाजायज आहे असे आम्ही म्हणत नाही, फिकहमध्ये त्याला परवानगी आहे. पण उधारीला मुदत असते. आपण मुदत ठेवतो ती मौत किंवा तलाक. हा कसला मुहूर्त?

मंगनीची बोलणी बसली. त्यांच्या थोरल्या भावाने मोठ्या मनाने म्हटले, "महर एक्कावन हजार लिखो." आमच्या चाचांची कळी खुलली. आम्ही आतून मामूंकडे चिठ्ठी पाठवली. एक्कावन हजार नको. दहा ग्रॅम सोने, पण निकाहच्या दिवशी हातात.

बाहेर शांतता झाली. मग थोरले भाऊ म्हणाले, "एक्कावन छोड के तीस हजार का सोना? हिसाब आता क्या लडकी को?" कुणीतरी समजूत घालायला म्हणाले, "अरे लिखने को क्या जाता, देनाच किसे है?"

ते वाक्य आम्ही पडद्यामागे ऐकले. आपा शेजारी बसली होती. तिने आमच्याकडे पाहिले नाही. हातातल्या कापडाचा दोरा ती दाताने तोडत राहिली.

त्या दिवशी बैठक मोडली. पहिल्याच दिवशी पैसे मागणारी बाई घरात कशी नांदणार, असा निरोप दुसऱ्या दिवशी आला. अम्मी दोन दिवस जेवली नाही. तिचे म्हणणे साधे होते. "तुझं बरोबर आहे गं बेटा. पण बरोबर राहून घरात बसणार का?" तिला काय सांगणार? आम्हालाही भीती वाटत होती. एकोणतिसावे वर्ष चालू होते. तत्त्वासाठी रिश्ता मोडला असे सांगायला सभेत बरे वाटते. रात्री दोन वाजता बरे वाटत नाही. तिसऱ्या दिवशी आम्ही मामूंना म्हणालो होतो, जाऊ द्या, लिहू द्या एक्कावन. हे कबूल केलेले बरे.

मामू ते सांगायला दुकानावर गेले. त्यांना बोलूच दिले नाही. ते म्हणाले, "मामू, सोने देतो. पण आज माझ्याकडे नाही. चार महिने द्या. आणि भाईजानशी मी बोललोय. लिहायचं तर द्यायचं, नाहीतर लिहायचंच नाही."

चार महिने निकाह पुढे गेला. मोहल्ल्यात कुजबुज झाली, काहीतरी काळेबेरे असणार. त्या चार महिन्यांत आम्ही काही कामे उरकली. दहेज घेणार नाही हे त्यांच्या घरून स्पष्ट करून घेतले. १९६१ च्या हुंडाबंदी कायद्याने महर हुंड्यातून वगळलेले आहे, म्हणजे देशाच्या कायद्यालाही दोन्हींतला फरक कळतो. आपल्याला मात्र दहेज पूर्ण द्यायचे आणि महर उधार ठेवायचे असते. निकाहनाम्याचा नमुना आधीच आणून घरी वाचला. ऑल इंडिया मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डाने २००५ मध्ये एक नमुना काढला होता, तोही पाहिला. अटींच्या जागी दोन ओळी लिहिल्या. एक, नोकरी चालू राहील आणि पगारावर हक्क पत्नीचा. दोन, वाद झाला तर दोन्ही घरांतला एकेक माणूस बसेल. ही दुसरी अट आमची नाही, सूरह निसाच्या पस्तिसाव्या आयतीची आहे. फक्त आम्ही माणसे आधीच ठरवून ठेवली. आमच्याकडून मामू, त्यांच्याकडून त्यांची फूफी. भांडण पेटल्यावर पंच शोधू नयेत, आग लागल्यावर विहीर खणू नये तसे.

निकाहच्या दिवशी वकील आणि दोन गवाह इजन घ्यायला आत आले. बापाने मर्जीविरुद्ध लावून दिलेला हजरत खन्सा (रजि.) यांचा निकाह पैगंबरांनी (स.) रद्द केला होता. इजन इतके मोठे आहे. आपल्याकडे ते 'हां बोल दे बेटी' एवढ्यावर उरकते. आम्ही म्हणालो, कागद द्या. वकील झालेले चाचा गोंधळले, पण दिला. आम्ही वाचला. ऐन होता. त्याच्या पुढे आमच्या विनंतीवरून साध्या मराठीतही लिहिले होते, दहा ग्रॅम सोने, आज दिले. आपाने आमच्या हातात डबी ठेवली. सोन्याची साखळी होती. आपाने आधीच पावतीवरचे वजन दोनदा पाहिले होते. मग आम्ही हां म्हणालो. पुढच्या आठवड्यात १९९८ च्या राज्य कायद्याप्रमाणे महानगरपालिकेत नोंदणीही केली.

इथे गोष्ट संपली असती तर बरे झाले असते. तयारी केली म्हणून संसार सुरळीत चालतो असे नाही. दुसऱ्याच वर्षी आमच्यात मोठे भांडण झाले. दुकानाचा हप्ता थकला होता आणि त्या महिन्यात आम्ही अम्मीला नेहमीसारखे पैसे दिले. ते काही बोलले नाहीत. तीन दिवस. आणि आम्ही बोललो, वर्गात बोलतो त्या आवाजात. दोघांनीही एकमेकांना आधी सांगून ठेवलेले दोषच एकमेकांवर वापरले.

चौथ्या दिवशी फूफीजान बार्शीहून एसटीने आल्या. मामू आले. दोन तास बसले. फूफींनी आधी आपल्या भाच्याला झापले, मामूंनी आम्हाला. उलट असेल असे आम्हाला वाटले होते. असे ठरले की अम्मीचे पैसे जातील, पण कोणत्या महिन्यात किती हे दोघांनी एकत्र बसून लिहायचे. ती वही अजून चालू आहे. साखळीही आहे. दुकानाची अडचण होती तेव्हा ती विकावी असे त्यांनी एकदाही सुचवले नाही. आम्ही आपणहून देऊ केली तेव्हा म्हणाले, "ती तुमची आहे. मागायची नाही असं ठरलंय." पैसे शेवटी पतपेढीतून काढले.

रहमत हा शब्द आम्ही वर्गात वीसदा समजावला असेल. त्या संध्याकाळी तो आम्हाला समजला. निकाहनाम्यात रहमत लिहिता येत नाही, ते खरे. पण जे लिहिता येते ते नीट लिहून, देऊन, मोकळे झाले की रहमतीला घरात जागा होते. हिशेब तुंबलेल्या घरात प्रेमसुद्धा वसुलीसारखे वाटू लागते. अम्मीच्या बत्तीस वर्षांत प्रेम नव्हते असे नाही. पण जनाज्याजवळ तिला जे बोलावे लागले, ते कुठल्याच बाईला बोलावे लागू नये.

आपाची मुलगी आता वीस वर्षांची आहे. मागच्या रमजाननंतर तिच्यासाठी एक रिश्ता आला. मधल्या माणसाने सांगितले, "लडका दीनदार है." आपा म्हणाली, "अल्हम्दुलिल्लाह," आणि उठून कपाटातून एक नवी शंभरपानी वही काढली. अजून काही ठरलेले नाही. भाचीचे स्वतःचे प्रश्न निराळे आहेत, आमच्या यादीत नसलेले. तिने आम्हाला बाहेर बसवले आहे.

वाचकहो, शिक्षकाचे लिखाण गृहपाठ दिल्याशिवाय संपत नाही. तुमच्या घरात निकाहनामा असेल. पेटीत, कपाटात, कुराणशरीफच्या जुजदानात. आज काढा. महरची रक्कम वाचा, तिच्यापुढचा शब्द वाचा. ऐन आहे की हमजा, ते नीट पाहा. वाचता येत नसेल तर शाळेतल्या कुठल्याही मुलाकडून वाचून घ्या, आमच्या आठवीच्या पोरांना येते. आणि भावांनो, देणे राहिले असेल तर देऊन टाका. जुना आकडा लहान वाटत असेल तर खुशीने वाढवून द्या. ती दिसते आहे, तुम्ही चालता-बोलता आहात, तेव्हाच तिच्या हातावर ठेवा.

ती आधी हसेल. आमची अम्मी हसली होती तशी. हसू द्या.